हिवाळ्यात विमाने कुठे उडतात?



दिवाळी झाली, घड्याळे एक तास मागे गेली, की इथे ओहायोत साडेपाच-सहालाच अंधार पडू लागतो. मग बऱ्याच घरांतली मॉडेल विमाने तळघरात जातात आणि गणपतीच्या मखराशेजारी एप्रिलपर्यंत पडून राहतात. एप्रिलमध्ये बाहेर काढावीत, तर बॅटरी मेलेली असते, आणि मुलाचे मन तोवर दुसऱ्याच कशात रमलेले असते.

आपल्या मराठी वर्गातली आम्ही चार कुटुंबे गेली काही वर्षे इथल्या एका मॉडेल विमान क्लबात जातो. चहाच्या सुट्टीत पालक आम्हाला नेहमी विचारतात, "हिवाळ्यात क्लब बंदच असेल ना?" बंद नसतो. नोव्हेंबर ते मार्च क्लब दोन ठिकाणी भरतो. पंधरा दिवसांतून एकदा संध्याकाळी एका शाळेच्या जिममध्ये, आणि हवा बरी असेल त्या शनिवारी सकाळी नेहमीच्या मैदानावर, बर्फ असला तरी. या दोन्ही ठिकाणी काय चालते, कशाची काळजी घ्यावी लागते आणि मुलांना त्यातून काय मिळते, हे आम्ही चौघांनी मिळून लिहिले आहे. शेवटी घरी करायचे दोन प्रयोग दिले आहेत. तेव्हा मुलांनी मधली गणिते गाळू नयेत!

विमानाचा जन्मच थंडीतला

ओहायोतल्या मुलांना राइट बंधूंची गोष्ट सांगायला नको. डेटन गावात त्यांचे सायकलींचे दुकान होते. पण आपले यंत्र घेऊन ते नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर गेले, कारण तिथे वारा भरपूर आणि पडले तर वाळू मऊ. तारीख होती १७ डिसेंबर १९०३. त्या सकाळी डबक्यांतले पाणी गोठले होते. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे झाले. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंद चालले आणि विमान ८५२ फूट गेले. त्यांच्या इंजिनाची ताकद जेमतेम १२ अश्वशक्तीच्या आसपास होती. एवढ्या कमी ताकदीच्या यंत्राला थंड, दाट हवेची मदतच झाली. ती कशी, ते पुढे सांगतो.

त्याआधीची गोष्ट तर आणखी मजेची आहे. १८७८ साली त्यांच्या वडिलांनी घरी एक खेळणे आणले. पिळलेल्या रबराच्या जोरावर ते उडत असे. विल्बर तेव्हा ११ वर्षांचा आणि ऑरविल ७ वर्षांचा होता. खेळणे मोडले, तेव्हा दोघांनी तसेच स्वतः बनवून पाहिले. रबरावर उडणाऱ्या या खेळण्याची कल्पना आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाची. त्याने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसमधल्या त्विलरी बागेत रबरावर चालणारे छोटे विमान उडवून दाखवले होते. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. आज आमची मुले जिममध्ये जी रबराची विमाने उडवतात, ती या पेनोच्या विमानाचीच वंशज आहेत.

थंड हवा दाट असते

हवा दिसत नाही म्हणून ती "काहीच नाही" असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात समुद्रसपाटीला, २० अंश सेल्सिअस तापमानात, एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो भरते. आमची जिम अंदाजे ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ८ मीटर उंच आहे. गुणाकार करा: ४८०० घनमीटर. म्हणजे त्या रिकाम्या जिममध्ये साडेपाच टनांहून जास्त हवा असते, एका थोराड हत्तीहून जड! विमान उडते ते या हत्तीला थोडा थोडा खाली ढकलून.

हवा गार झाली की आकसते. त्याच जागेत जास्त हवा मावते, म्हणजे तिची घनता वाढते. २० अंशांवरून तापमान उणे १० वर आले, की घनता सुमारे ११ टक्क्यांनी वाढते. मे महिन्यात दुपारी ३८ अंशांत पुण्यात विमान उडवले आणि जानेवारीत उणे १० अंशांत इथे उडवले, तर फरक आणखी मोठा पडतो, कारण पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि उंचीवर हवा विरळ असते. आपल्याकडची जानेवारीतली हवा पुण्यातल्या मे महिन्यातल्या हवेपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक दाट असते.

पंखाला मिळणारी उचल हवेच्या घनतेवर अवलंबून असते. म्हणून थंडीत तेच विमान थोड्या कमी वेगातही तरंगते. प्रोपेलरलाही प्रत्येक फेरीत जास्त हवा मागे ढकलता येते. मात्र त्यासाठी मोटरला जास्त जोर लावावा लागतो आणि बॅटरीतून जास्त वीज ओढली जाते. फुकट काहीच मिळत नाही!

हॉलमध्ये उडणारे विमान वेगळे का लागते?

पालकांचा नेहमीचा प्रश्न असा: "उन्हाळ्यात घेतलेले विमान चांगले आहे, तेच जिममध्ये का नाही उडवायचे?" याचे उत्तर एका गणितात आहे. आठवीच्या वरच्या मुलांनी ते कागदावर करून पाहावे.

वळताना विमान एका बाजूला कलते आणि वर्तुळात फिरते. या वर्तुळाची त्रिज्या वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. कलण्याचा कोन ३० अंश धरू. बाहेर उडवायचे साधे फोमचे विमान सेकंदाला १२ मीटर वेगाने जाते असे समजा. त्याच्या वर्तुळाची त्रिज्या येते साधारण २५ मीटर, म्हणजे व्यास ५० मीटर. आमची जिम तर ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद! विमान वळून होण्याआधीच बास्केटबॉलच्या फळ्यावर जाऊन आपटेल.

आता वेग चौथा हिस्सा करू, सेकंदाला ३ मीटर, म्हणजे सावकाश धावणाऱ्या माणसाएवढा. त्रिज्या चौथा हिस्सा होत नाही, सोळावा हिस्सा होते. ती येते साधारण १.६ मीटर. असे विमान जेवणाच्या टेबलाभोवतीसुद्धा फिरेल.

मग वेग कमी कसा करायचा? मोटर हळू फिरवून भागत नाही, विमान खाली येते. विमान हळू उडायचे तर ते हलके हवे. इथेही वर्गाचा तोच नियम लागतो. पंख तेवढाच ठेवून वेग चौथ्या हिश्श्यावर आणायचा, तर वजन सोळाव्या हिश्श्यावर आणावे लागते. ७० सेंटिमीटर लांब आणि १४ सेंटिमीटर रुंद पंखाचे विमान सेकंदाला १२ मीटर वेगाने उडताना साधारण ७०० ग्रॅमचे असेल, तर ३ मीटर वेगासाठी ते ४४ ग्रॅमचे असावे लागेल. चार-पाच साध्या कागदांचे वजन एवढेच होते... नाही, थांबा! हे आम्ही सांगत नाही. एका साध्या छपाईच्या कागदाचे वजन साडेचार-पाच ग्रॅम असते. ४४ ग्रॅम म्हणजे किती कागद, ते तुम्हीच काढा.

म्हणून हॉलमधले विमान बघायला अगदी किरकोळ दिसते. पातळ फोम, काड्यांएवढे कार्बनचे दांडे, आणि नखाएवढ्या मोटरी. पण त्यात वजन वाचवण्याची जी अक्कल असते, ती मोठ्या विमानात क्वचितच लागते.

जिममधली एक संध्याकाळ

क्लबाचा क्रम ठरलेला असतो, आणि त्याला कारण आहे.

पहिला तास रबराच्या विमानांचा. या विमानांना रिमोट नसतो. एकदा सोडले की ते आपले आपण फिरते. म्हणून हवा अगदी स्थिर लागते. हीटरचे पंखे बंद करतात, दारे लावून घेतात, आणि मुलांना धावू देत नाहीत. कारण धावणाऱ्या मुलामागे उठलेल्या हवेनेसुद्धा विमान भरकटते.

नवीन मुलांना सहसा डेल्टा डार्ट नावाचे मॉडेल देतात. बाल्सा लाकडाच्या काड्या आणि पातळ कागद एवढाच त्याचा मालमसाला. नकाशा कागदावरच छापलेला असतो. काड्या त्यावर चिकटवायच्या, कडेने कापायचे, की पंख तयार. एका संध्याकाळी बनते आणि त्याच संध्याकाळी उडते. अमेरिकेतल्या मॉडेल विमानांच्या राष्ट्रीय संस्थेतल्या, म्हणजे अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्समधल्या, फ्रँक एलिंग यांनी ते मुलांसाठीच तयार केले. ही संस्था १९३६ साली सुरू झाली. तिचे मुख्यालय आणि संग्रहालय इंडियानातल्या मन्सी गावात आहे. डेटनहून दोन तासांच्या आत पोचता येते, सहलीला चांगली जागा आहे.

रबर पिळणे ही एक कलाच आहे. रबराला आधी थोडे वंगण लावतात. एकाने विमान आणि एक टोक धरायचे, दुसऱ्याने रबर मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणून मागे जायचे आणि हाताच्या छोट्या चक्राने पीळ भरायचा. पीळ वाढत जाईल तसतसे हळूहळू पुढे यायचे. न ताणता पिळले तर बरेच कमी पीळ बसतात. या कामाला दोन माणसे लागतात, त्यामुळे आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाही काम मिळते!

मोठ्या मुलांसाठी पेनीप्लेन नावाचा वर्ग असतो. विमानाचे पंख १८ इंचांपेक्षा लांब नकोत, आणि रबर सोडून वजन ३.१ ग्रॅमपेक्षा कमी नको. जुन्या तांब्याच्या पेनीचे वजन एवढेच असते, म्हणून हे नाव. त्याचा मोठा प्रोपेलर इतका हळू फिरतो की पाती मोजता येतात. साध्या जिममध्येही असे विमान काही मिनिटे हवेत राहते. जागतिक स्पर्धांमधली विमाने तर याहूनही हलकी, दीड ग्रॅमच्या आतबाहेर असतात, आणि उंच हॉलमध्ये वीस मिनिटांहून जास्त तरंगतात. अशा स्पर्धांसाठी खूप उंच आणि शांत जागा शोधतात. हवाई जहाजांसाठी बांधलेल्या जुन्या प्रचंड शेडमध्ये स्पर्धा झाल्या आहेत, आणि रुमानियात स्लॅनिक इथे तर जमिनीखालच्या मिठाच्या खाणीत! खाणीत वारा कुठून येणार?

विमान छताच्या कैच्यांत अडकले तर काय? हेलियमचा फुगा दोऱ्याला बांधून वर सोडायचा आणि दोऱ्याने हळूच विमान सोडवायचे. हे काम मुलांच्या सर्वांत आवडीचे.

दुसरा तास रिमोटच्या हलक्या विमानांचा. एका वेळी चार-पाचच विमाने, आणि सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचे. शेवटची वीस मिनिटे छोट्या हेलिकॉप्टरांची आणि ड्रोनची, कारण त्यांचे पंखे हवा घुसळून टाकतात. ते आधी उडवले तर रबरवाल्यांची संध्याकाळ वाया जाते.

हॉलमध्ये वाऱ्याला दोष देता येत नाही

आम्हा पालकांना जिम मोलाची वाटते ती याच कारणासाठी. बाहेर विमान पडले की मूल म्हणते, "वारा आला." कधी खरेच आलेला असतो. पण मग चूक विमानाची होती, हाताची होती, की वाऱ्याची, हे कधीच कळत नाही. जिममध्ये वारा नसतो. विमान दहा वेळा सोडले आणि दहाही वेळा डावीकडच्या भिंतीवर गेले, तर कारण विमानातच आहे आणि ते शोधता येते.

आमच्यातली एक अकरा वर्षांची मुलगी गेल्या हिवाळ्यात डेल्टा डार्ट घेऊन आली. विमान नाक वर करायचे, थबकायचे, आणि खाली कोसळायचे. पहिल्या दिवशीचे सर्वांत लांब उड्डाण १४ सेकंदांचे. क्लबातल्या एका जुन्या सभासदांनी तिला एक वही दिली आणि एकच नियम सांगितला: एका वेळी एकच बदल करायचा, आणि तो लिहून ठेवायचा. तिने आधी पंख थोडा मागे सरकवला. सुधारणा झाली, पण वर्तुळ मोठे होऊन विमान भिंतीवर जाऊ लागले. मग शेपटीची मागची कड किंचित डावीकडे वाकवली. वर्तुळ लहान झाले, पण विमान आत झुकू लागले. मग डाव्या पंखाची मागची कड केसभर खाली केली. चार संध्याकाळी, सव्वीस नोंदी, आणि शेवटचे उड्डाण ४८ सेकंदांचे. त्या सव्वीस नोंदींपैकी नऊ नोंदींपुढे तिने "उलट बिघडले" असे लिहिले आहे. आम्हाला त्या नऊ नोंदीच सर्वांत चांगल्या वाटतात. कारण काय करू नये, हे आता तिला पक्के ठाऊक आहे.

आपल्याकडे संक्रांतीला पतंग उडवणारी मुले हेच करतात. पतंग एका बाजूला गिरक्या घेऊ लागला, की दोऱ्याची गाठ थोडी सरकवायची, किंवा शेपटी लावायची, आणि पुन्हा सोडून बघायचे. जानेवारीत आलेले एक आजोबा जिममध्ये पाच मिनिटे बसले आणि म्हणाले, "अरे, याला शेपटीकडे जड झालंय!" इंग्रजी कुणाला किती येते हा प्रश्नच उरला नाही. नातू त्यांच्याशी तासभर मराठीत बोलत होता, कारण त्याला खरोखर काहीतरी विचारायचे होते.

पालकांना एक विनंती. विमान पडले की आपला हात आपोआप पुढे जातो. आपण इंजिनियर असलो तर जास्तच! तो खिशात ठेवावा. मुलाने विचारले तरच सांगावे, आणि तेही प्रश्न विचारून: "मागच्या वेळी काय बदललं होतंस?"

बर्फावर

बाहेरची मजा वेगळी. हिवाळ्यात पहाटे-सकाळी कित्येकदा वारा अगदी पडलेला असतो, आकाश स्वच्छ असते, आणि बर्फावर उतरणारे विमान मऊ उतरते. चाकांऐवजी प्लॅस्टिकच्या छोट्या स्की लावतात. स्कीचे पुढचे टोक किंचित वर राहील असे रबराने किंवा स्प्रिंगने ताणून ठेवावे लागते. नाहीतर ते बर्फात रुतते आणि विमान कोलांटी खाते. अनेक क्लबांत १ जानेवारीला वर्षातले पहिले उड्डाण करायची प्रथा आहे. आमच्याकडे त्या दिवशी मिरचीचे सूप असते, आणि आपल्या मंडळींनी नेलेला आल्याचा चहा सर्वांत आधी संपतो.

पण थंडीत घ्यायची काळजी खरी आहे. आमचे नियम असे:

१. बॅटरी. लिथियमच्या बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. पुरी भरलेली बॅटरीही उन्हाळ्यापेक्षा लवकर दमते. म्हणून ती डब्यात घालून जाकिटाच्या आतल्या खिशात उबदार ठेवतो आणि उडवण्याच्या क्षणी लावतो. किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर सुटी बॅटरी खिशात कधीही ठेवू नये, टोके जुळली तर आग लागू शकते. उड्डाणाची वेळ उन्हाळ्यापेक्षा बरीच कमी धरतो.

२. चार्जिंग. गोठणबिंदूच्या खाली बॅटरी चार्ज करायची नाही. आत लिथियम धातूचा थर साचतो, आणि तो पुढे धोक्याचा ठरतो. घरी आल्यावर बॅटरी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच चार्जरला लावायची. चार्ज होताना मोठे माणूस जवळ हवे. फुगलेली बॅटरी वापरायची नाही.

३. बोटे. तापमान २० अंश फॅरनहाइट असेल आणि ताशी १५ मैलांचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ६ अंशांसारखी थंडी लागते. रिमोटच्या दांड्या उघड्या बोटांनी हलवाव्या लागतात, आणि बधिर बोटांना दांडी किती हलली ते कळत नाही. रिमोटसकट हात आत घालता येतील अशी पिशवी मिळते, ती घ्यावी. आमचा नियम: दोन उड्डाणे, मग गाडीत दहा मिनिटे. मुलाने "मला थंडी नाही वाजत" म्हटले तरी.

४. प्रोपेलर. थंडीत काही प्लॅस्टिक ठिसूळ होते. उन्हाळ्यात नुसते वाकले असते ते पाते थंडीत तुटून उडते. बॅटरी लावलेल्या विमानाच्या प्रोपेलरसमोर किंवा त्याच्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही.

५. रंग. पांढरे विमान बर्फात पडले तर सापडत नाही. पंखाखाली काळे किंवा गडद लाल पट्टे लावावेत. सूर्य खाली असतो आणि बर्फावरून चमक येते, म्हणून काळा चष्मा हवा.

६. पाणी. घरात आणल्यावर गार विमानावर दव जमते आणि ते आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांत शिरते. बॅटरी काढून विमान बंद पेटीत तसेच ठेवावे, पेटी हळूहळू गरम होऊ द्यावी, आणि मगच उघडावी.

७. कायदा. घराबाहेरची हवा इथल्या एफएए या सरकारी खात्याच्या नियमांत येते. छंद म्हणून उडवणाऱ्या प्रत्येकाने इंटरनेटवरची ट्रस्ट नावाची मोफत परीक्षा द्यावी लागते. २५० ग्रॅम किंवा त्याहून जड विमानासाठी नोंदणी लागते, आणि १३ वर्षांखालच्या मुलाच्या वतीने ती मोठ्या माणसाने करायची असते. अशा विमानाला, मान्य केलेले मैदान सोडून इतरत्र, आपली ओळख प्रसारित करणारे यंत्रही लागते. विमान सतत डोळ्यांना दिसले पाहिजे. विमानतळाजवळ आणखी बंधने असतात. म्हणून नवख्यांनी क्लबाच्या मैदानावरच सुरुवात करावी. चार भिंतींच्या आत हे नियम लागू होत नाहीत, तेही जिमने सुरुवात करण्याचे एक चांगले कारण.

बाहेर मुले आणखी एक गोष्ट शिकतात, ती जिममध्ये शिकता येत नाही: "आज नको" म्हणणे. चाळीस मिनिटे गाडी चालवून आलो, विमान जोडले, आणि मैदानाच्या कडेची झाडे हलू लागली. अशा वेळी विमान पुन्हा पेटीत ठेवायला मोठ्यांनाही जड जाते. आमच्यात ठरले आहे की हा निर्णय मुलाने घ्यायचा आणि कारण सांगायचे. "उडवू नको" हा मुलाचा निर्णय कोणी मोठ्याने बदलायचा नाही. "उडवू या" हा निर्णय मात्र मोठे बदलू शकतात.

घरी करून पाहा

प्रयोग पहिला: फुगा फुगवून घट्ट गाठ मारा. सर्वांत जाड भागाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा. समजा ६० सेंटिमीटर आला. आता फुगा अर्धा तास बाहेर थंडीत ठेवा आणि बाहेरच पुन्हा मोजा. बाहेर उणे १० अंश असेल तर घेर ५८ च्या जवळपास येईल. आतली हवा कुठे गेली? कुठेच नाही! ती तेवढीच आहे, फक्त दाट झाली.

प्रयोग दुसरा: फोमच्या ताटलीतून पंख आणि शेपटी कापा आणि आइसक्रीमच्या लांब काडीला चिकटवा. नाकाला खेळण्यातल्या मातीची छोटी गोळी लावा. तळघरात किंवा लांब खोलीत हळूच सोडा. विमान नाक वर करून थबकले तर गोळी थोडी मोठी करा, सरळ खाली गेले तर लहान करा. प्रत्येक बदलानंतर पाच वेळा सोडा आणि अंतर वहीत लिहा. एका वेळी एकच बदल! सर्वांत सुंदर वही आणणाऱ्याला आम्ही एक डेल्टा डार्टचा संच देऊ. सर्वांत लांब उडालेल्या विमानाला नाही, वहीला. नोंदी मराठीत हव्यात.

त्यासाठी हे शब्द उपयोगी पडतील: पंख, शेपटी, नाक, घनता, वजन, उचल, त्रिज्या, पीळ, कड, नोंद. विमान ज्या बिंदूवर बोटावर तोलून राहते, त्याला गुरुत्वमध्य म्हणतात.

जिमच्या पुढच्या संध्याकाळी ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारी चहाच्या सुट्टीत आम्हा चौघांपैकी कोणालाही भेटावे. पहिल्या वेळी काहीही विकत आणू नये. रबरी तळाचे स्वच्छ बूट, एक वही आणि एक पेन्सिल पुरे. आणि हो, ४४ ग्रॅमचे किती कागद होतात, त्याचे उत्तर दारातच विचारले जाईल!